ऑटोपेने कंपनी आपल्या खात्यातून किती वेळा पैसे कापू शकते?

सरसकट आकडा नाही. मँडेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली आगाऊ परवानगी, मंजूर करताना तुम्ही जी वारंवारता मान्य केली, तेवढ्याच वेळा. यूपीआय ऑटोपेत रोज, आठवड्याला, पंधरवड्याला, महिन्याला, तीन महिन्यांनी, वर्षाला असे पर्याय असतात. मासिक मँडेट असेल तर महिन्यात एकदाच. क्लासवाल्याने ५ तारखेला फी घेतली आणि २० तारखेला 'परीक्षा शुल्क' म्हणून त्याच मँडेटवर पुन्हा पैसे ओढले, असं चालत नाही.

खरी गोम 'अ‍ॅज प्रेझेंटेड' या पर्यायात आहे. त्यात ठरलेला दिवसच नसतो. कंपनी मागेल तेव्हा कापणार. नाच (NACH), म्हणजे बँक खात्यातून हप्ते आपोआप कापण्याची पद्धत, तिच्या कागदी फॉर्मवरही ही चौकट असते आणि कर्ज देणारा माणूस बऱ्याचदा तिथेच टिक करून फॉर्म सहीला पुढे करतो. शिवाय 'कमाल रक्कम'. माझा हप्ता ४ हजारांचा, फॉर्मवर कमाल रक्कम १० हजार! सहीआधी हे दोन रकाने वाचाच.

खात्यात पैसे नसतील तर? १ ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय ऑटोपेत एक प्रयत्न आणि वर जास्तीत जास्त तीन फेरप्रयत्न, बस. नाचमध्ये मात्र हप्ता परत गेला की बँकेचा दंड वेगळा, आणि तोच जास्त बोचतो.

ऑटोपेत पैसे कापण्याच्या २४ तास आधी मेसेज येतो. नको असेल तर तेव्हाच यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन मँडेट रद्द करा. सबस्क्रिप्शनचं अ‍ॅप नुसतं डिलीट करून काही थांबत नाही.