छोट्या गॅरेजला कार एसीचा गॅस काढायचं रिकव्हरी मशीन कोणतं घ्यावं?

दादा, आधी तुमच्याकडं कुठल्या गाड्या येतात ते बघा. आपल्याकडं बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हाच गॅस असतो, काही महागड्या गाड्यांत आर-१२३४वायएफ येतो, तो थोडा पेट घेणारा गॅस आहे, त्याला त्याच्याच रेटिंगचं मशीन लागतं, १३४ए-साठीचं चालत नाही.

महिन्याला दहा-बारा गाड्या असतील तर फुल ऑटोमॅटिकच्या मागं लागू नका. साधं ऑइललेस (आत तेल न लागणारं) रिकव्हरी युनिट, सिस्टीममधली हवा-ओल खेचायला वेगळा व्हॅक्यूम पंप आणि गॅस तोलायला चांगला डिजिटल वजनकाटा बास झाला. काट्यात मात्र पैसे वाचवू नका, छोट्या गाडीत गॅस जातोच जेमतेम ४००-५०० ग्रॅम, त्यात ५० ग्रॅम इकडंतिकडं झाले की कूलिंगची बोंब. ऑइल सेपरेटर (गॅसमधलं तेल वेगळं करणारा) घ्याच, गॅसबरोबर किती कॉम्प्रेसरचं तेल निघालं ते दिसतं आणि मोजून तेवढंच परत भरता येतं.

सिलेंडर रिकव्हरीचाच हवा, ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही म्हणजे नाही, उन्हात फुटू शकतो. माझ्याकडं एकदा भेसळीचा गॅस भरलेली गाडी आली, मी तसाच खेचला आणि सिलेंडरमधला सगळा चांगला माल नासला, तेव्हापासून संशय आला की वेगळ्या सिलेंडरात काढतो.

आणि प्लीज हवेत सोडू नका, १३४ए कार्बन डायऑक्साइडच्या १४०० पटींच्या आसपास उष्णता धरतो.