सायनोव्हियम, किडनी आणि इंग्लंड: निघण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात पीएचडी झाली, इंग्लंडमध्ये तीन वर्षांची पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, जागा मिळते आहे. काम ऱ्हुमेटॉइड संधिवाताच्या रुग्णांच्या सायनोव्हियमवर, म्हणजे सांध्याच्या आतल्या आवरणावर, आणि ल्युपसने, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःवरच उलटण्याच्या आजाराने, बिघडलेल्या किडनीवर. सोबत पत्नी आणि सात वर्षांची मुलगी. जावं का, आणि आधी काय करावं? पहिल्या अर्ध्याचं उत्तर मला इतक्या वर्षांनीही स्वतःपुरतं देता येत नाही, आणि तुमचं पत्र वाचल्यापासून तेच डोक्यात फिरतं आहे. दुसऱ्या अर्ध्याबद्दल लिहिते. व्हिसाचे प्रकार, फी, पगार हे सरकारी पानांवर आहे, ते सोडते.

याच आठवड्यात हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. ताजं मानवी ऊतक हाताळणाऱ्याच्या लसींची नोंद ऑक्युपेशनल हेल्थ, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा, विभाग मागतो, आणि नेहमीचा कोर्स ०, १ आणि ६ महिन्यांचा असतो. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासा. १०० एककांच्या वर असली तर प्रश्नच नाही, १० ते १०० मध्ये असली तर आणखी एक डोस घ्यायला सांगतात. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांचे लहानपणीचे कागद आपल्याकडे बहुतेकांच्या घरी सापडत नाहीत. त्यासाठी आयजीजी, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीच्या, चाचण्या पुण्यातच करून इंग्रजी अहवाल घ्या. पासपोर्ट सेवेतून पोलिस क्लिअरन्सही निघण्याआधीच काढा, कारण तिथली गुन्हे-नोंद तपासणी भारतातली वर्षं बघतच नाही.

हे सगळं लागतं ते रिसर्च पासपोर्टसाठी, म्हणजे बाहेरच्या संशोधकाच्या तपासण्या झाल्याची नोंद असलेल्या फॉर्मसाठी. तुमचा पगार विद्यापीठ देणार, पण रुग्ण आणि बायोप्सी एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, इस्पितळात. तिथे पाऊल टाकायला लेटर ऑफ ॲक्सेस, म्हणजे प्रवेशाचं परवानगीपत्र, लागतं, आणि तुमच्या कामाचा रुग्णाच्या उपचारावर थेट परिणाम होणार असेल तर मानद संशोधन करार. एक कागद अडला की सगळं अडतं, आणि तो कोणाच्या टेबलावर आहे हे कोणी सांगत नाही. करार तीन वर्षांचा असतो आणि त्यातले महिने असे जातात. मला हे अजून सहन होत नाही, कारण दोष कोणाचाच नसतो आणि नुकसान फक्त नव्याने आलेल्याचं होतं. रुजू होण्याआधीच फॉर्म मागवून घ्या.

आता कामाचं. सांध्याचं आवरण आणि किडनी एकत्र का, असं विचारलंत. दोन्हीकडे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच ऊतकात शिरलेली असते, आणि पेशी सुट्या करून एकेकीचं आरएनए वाचण्याची पद्धत जवळजवळ तीच. अमेरिकेत २०१४ मध्ये सुरू झालेल्या एएमपी (ॲक्सिलरेटिंग मेडिसिन्स पार्टनरशिप) या संशोधन प्रकल्पाने हे दोन आजार म्हणूनच एका छत्राखाली घेतले. २०१९ मध्ये दोन्हींचे पेशीवार नकाशे प्रसिद्ध झाले.

सायनोव्हियम दोन वाटांनी येतं आणि दोन्ही एकाच मापाने मोजली की निष्कर्ष फसतात. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेतून काही ग्रॅम मिळतं, पण ते वर्षानुवर्षं औषधं घेतलेल्या सांध्याचं. चरबी आणि तंतू जास्त. सोनोग्राफीत बघत सुईने काढलेले तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे, पण आजार तेजीत असताना आणि औषध बदलण्याआधीचे. सूज सांध्यात सगळीकडे सारखी नसते, म्हणून एका तुकड्यावर विसंबू नका. सहा-आठ तुकडे वाटून टाका: काही फॉर्मॅलिनमध्ये, काही आरएनएसाठी, काही जिवंत पेशींसाठी. पेशी सुट्या करण्याआधी एक तुकडा रंगवून बघा. अस्तराचा थर दिसला नाही तर हातात चरबी किंवा स्नायू आला आहे, पुढचा सगळा खर्च वाया. सायनोव्हियमची सूज मोजणारं क्रेन गुणांकन आधी शिकून घ्या: अस्तराची जाडी, खालच्या थरातली पेशींची दाटी, आत शिरलेल्या दाहक पेशी, प्रत्येकी ० ते ३, बेरीज ९ पर्यंत.

पेशी सुट्या करायला तुकडे कात्रीने बारीक करून लिबरेज टीएल (ऊतक विरघळवणारं एन्झाइम) आणि डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम), दोन्ही १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंशांवर हलवत साधारण अर्धा तास. डीएनेज विसरलात तर मेलेल्या पेशींच्या डीएनएने सगळं चिकट होतं आणि गाळणी तुंबते. वेळ वाढवलीत तर पेशींच्या पृष्ठभागावरची काही प्रथिनं कापली जातात आणि फॉस, जुन ही ताणाची जनुकं वर येतात. नवखा माणूस त्यालाच रोग समजतो.

किडनी याहून नाजूक. सुईने निघालेल्या ऊतकावर पहिला हक्क रुग्णाच्या निदानाचा. ल्युपसची श्रेणी ठरवायला निदान १० ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म गुच्छ, दिसावेत अशी अपेक्षा असते, शिवाय इम्युनोफ्लुओरेसन्स (चमकणाऱ्या अँटीबॉडींची तपासणी) आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी वेगळे तुकडे. संशोधनाला उरतो तो काही मिलिमीटरचा तुकडा. तो चुकून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठीच्या ग्लुटराल्डिहाइड या रसायनाच्या नळीत पडला तर जिवंत पेशी संपल्या, म्हणून नळ्यांची टोपणं रंगाने वेगळी ठेवा आणि बायोप्सीच्या वेळी स्वतः हजर राहा. लिबरेज इथे बारा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. माहितीची छाननी करताना मायटोकाँड्रियाचं (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचं) आरएनए फार असलेल्या पेशी मरणाऱ्या समजून वगळतात; सायनोव्हियमची ती मर्यादा किडनीला लावू नका. मूत्रनलिकेच्या पेशी मायटोकाँड्रियाने भरलेल्या असतात, त्या निरोगी असूनही बाहेर फेकल्या जातील. पोडोसाइट, म्हणजे ग्लोमेरुलसच्या गाळणीवरच्या पेशी, सुटे होत नाहीत, त्यांच्यासाठी गोठवलेल्या ऊतकातून नुसती केंद्रकं काढणं बरं. पण त्यात रोगप्रतिकारक पेशी कमी सापडतात.

बायोप्सी संध्याकाळी येणार असेल तर तुकडा अख्खा क्रायोस्टोर सीएस१० या गोठवण्याच्या द्रावणात घालून मिनिटाला एक अंश अशा वेगाने उणे ८० पर्यंत न्या, मग द्रव नायट्रोजनमध्ये. हे पहिल्या महिन्यातच पक्कं करा. नाहीतर दर शुक्रवारी रात्री नऊपर्यंत तुम्ही प्रयोगशाळेत, आणि घरी दोघी परक्या गावात.

मानवी ऊतक कायदा, २००४, नीट वाचा. ज्यात पेशी आहेत ते कायद्याच्या कक्षेत, त्यातून काढलेलं डीएनए किंवा आरएनए साठवणुकीच्या नियमाबाहेर. नीतिसमितीची मंजुरी असेपर्यंत नमुने परवान्याशिवाय ठेवता येतात. मंजुरी संपली की परवानाधारक ऊतकपेढीत हलवा, नाहीतर नष्ट करा. आधीच्या पोस्टडॉकने फ्रीझरमध्ये मागे ठेवलेल्या नमुन्यांची मंजुरी कधी संपते, हे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सही करण्याआधी विचारा. पुण्यातले नमुने सोबत नेण्याचा विचारही करू नका.

शाळेबद्दल मला राग आहे आणि तो लपवत नाही. इंग्लंडमध्ये इयत्ता वयाने ठरते. ३१ ऑगस्टला सात पूर्ण असतील तर सप्टेंबरपासून मुलगी यिअर ३ मध्ये, पुण्यात दुसरीत असली तरी. मध्येच प्रवेश मागितला तर जागा असेल ती शाळा मिळते, जवळची नव्हे. यिअर २ पर्यंत वर्गात ३० ची कायदेशीर मर्यादा असते, त्यामुळे तिथे अपील क्वचितच टिकतं; यिअर ३ पासून ती नाही, म्हणून अपील जरूर करा. घरची भाषा मराठी लिहिलीत की तिची नोंद ‘इंग्रजी ही जादाची भाषा’ अशी होते, आणि अस्खलित वाचणाऱ्या मुलीला सोप्या पुस्तकांच्या गटात बसवलं जाऊ शकतं. पहिल्याच आठवड्यात शिक्षिकेसमोर तिला मोठ्याने वाचायला लावा. भाषा मात्र मराठीच लिहा, आणि घरी इंग्रजी बोला असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मी ऐकला. आता मुलीशी बोलताना मलाच शब्द बदलावे लागतात.

एकटेपणा येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, इतर शहरांतही मंडळं आहेत, जा. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

आईवडिलांबद्दल एका ओळीत विचारून तुम्ही पुढे गेलात. दिवसभर अनोळखी माणसांच्या गुडघ्यांचं अस्तर भिंगाखाली बघते आणि आईचा गुडघा व्हिडिओ कॉलवर. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण एवढं करून निघा. दोघांच्या किडनीच्या चाचण्या, म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला गाळण्याचा वेग (ईजीएफआर) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, तपासा, आणि ते घेत असलेली प्रत्येक गोळी लिहून काढा, औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामकासकट. रक्तदाबाची रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी, सोबत लघवी वाढवणारं औषध आणि त्यावर गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, हे त्रिकूट उन्हाळ्यात किंवा जुलाबात किडनी झपाट्याने खाली आणू शकतं. यादी त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि पुढची तपासणी कोण करून आणणार, त्या शेजाऱ्याचं किंवा भावाचं नाव यादीवरच लिहा.