स्क्रॅबलमध्ये क्यू, झेड, जे हातात अडकले की शब्द शोधायचे कसे?

तुम्ही विचारलंय की स्क्रॅबलसाठी, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून शब्द जुळवायच्या खेळासाठी, ठरावीक अक्षरं असलेले इंग्रजी शब्द शोधायला चांगलं अ‍ॅप कोणतं, आणि शेवटी जोडलंय, "मी कोल्हापूरचा, मराठी माध्यमाचा, त्यामुळे शब्दसंग्रह कमी पडतो." अ‍ॅपचं नंतर बघू. आधी ते शेवटचं वाक्य खोडा.

न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सनं २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्यानं यादी पाठ केली होती. तरी "अर्थ सांग, मगच शब्द धरतो" म्हणणारे आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि त्यांच्याशी माझं कधीच पटलेलं नाही. खेळाच्या नियमात असं कुठंही नाही. शब्द मान्य यादीत आहे की नाही, एवढंच बघायचं. तालमीत पोरं एकेक डाव घोटून घोटून अंगात मुरवतात, तसे इथं अक्षरांचे डाव घोटायचे.

घोटायचं म्हणजे काय ते सांगतो. समजा हातात ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात आलीत. नुसती बघत बसलात तर काही सुचणार नाही, सोंगट्या हलवा. आधी एस उचलून उजव्या टोकाला ठेवा, आर-ई डावीकडं घ्या. मधे टी-ए-आय-एन उरतात: रिटेन्स. आता मोडा आणि आय-ई-आर शेवटाला न्या. उरले एन-ए-एस-टी: नॅस्टिअर. त्याच चौघांना ए-एन-टी-एस असं लावा: अँट्सिअर. पुन्हा मोडा, ई-आर शेवटाला, पुढं स्टेन: स्टेनर. रेटिनाला एस लावा: रेटिनाज. वाईनचं नाव रेट्सिनाही याच सातांचं. प्रत्येकाचे गुण ७, पण सातही सोंगट्या एकदम लागल्यामुळे वर ५० मिळतात.

जागा नसेल तर पटावरचं एखादं अक्षर आठवं म्हणून धरा. पी असेल तर पेंटर्स किंवा पॅन्ट्रीज, सी असेल तर कॅनिस्टर, बी असेल तर बॅनिस्टर, एम असेल तर मिनारेट्स, जी असेल तर ग्रॅनाइट्स, एल असेल तर लॅट्रिन्स, डी असेल तर स्ट्रेन्ड. यातल्या किती शब्दांना मोठा शब्दसंग्रह लागला? शेपट्या आणि शेंडे ओळखायचे: आय-एन-जी, आय-ई-आर, ई-डी, आर-ई, यू-एन. रोज दहा चिठ्ठ्या करा. पुढं अक्षरं वर्णक्रमानं, मागं त्यांचे शब्द. हातातली अक्षरंही वर्णक्रमानं लावायची सवय ठेवलीत की चिठ्ठी आपोआप आठवते.

आता क्यू. यू ची वाट बघत बसणं हीच सगळ्यात मोठी चूक. संचात यू चारच, क्यू एकच. क्यू-आय हा शब्द पाठच हवा. पटावरच्या आय शेजारी, अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात, क्यू असा बसवा की आडवा आणि उभा दोन्हीकडं क्यू-आय होईल. क्यूचे १० तिप्पट होऊन ३०, अधिक आयचा १, दोनदा. एका सोंगटीचे ६२. शिवाय आपल्या कानावरचे शब्द आहेतच: फकीर एफ-ए-क्यू-आय-आर असा चालतो, तलाक टी-ए-एल-ए-क्यू असा. पिशवीत सात तरी सोंगट्या असतील तोवरच हातातल्या सोंगट्यांची तिच्याशी अदलाबदल करता येते. क्यू हातात राहून समोरच्यानं डाव संपवला तर तुमचे १० जातात आणि त्याला १० मिळतात.

झेडला झेड-ए आणि झेड-ओ, जे ला जे-ओ आणि जे-ए, एक्सच्या आधी ए, ई, ओ किंवा नंतर आय, यू लावून. व्ही सांभाळा, त्याचा दोन अक्षरी शब्दच नाही. आणि जॅगरी विसरू नका: जे-ए-जी-जी-ई-आर-वाय. सात अक्षरं, १९ गुण, वर ५०. गुळाच्या गावात राहून हा शब्द सुचला नाही तर मला खरंच वाईट वाटेल. लाख, क्रोर, घाट, धोती, तालुका, हरताळ, घेराव हेही यादीत आहेत, फक्त इंग्रजी स्पेलिंग पक्कं करा. घेराव शेवटी ए-ओ आहे, व्ही नाही.

अ‍ॅप कोणतंही घ्या, प्रश्न नीट विचारा. ए-आर-टी टाकल्यावर तीन वेगळे अर्थ निघतात: ती अक्षरं सलग असलेले शब्द (पार्टी), कुठंही असलेले (ट्रेन), किंवा फक्त त्याच अक्षरांचे (रॅट, टार). लोक पहिला पर्याय निवडतात आणि शब्द मिळत नाही म्हणतात. कोऱ्या सोंगटीसाठी (ती कोणतंही अक्षर म्हणून चालते) बहुतेक ठिकाणी प्रश्नचिन्ह टाकतात. साध्या शब्दकोशात अनेकवचनं, भूतकाळ वेगळे नसतात, म्हणून खेळाची यादीच वापरा. यादीही कोणती ते बघा: सी-एच हा शब्द कॉलिन्सच्या, म्हणजे अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी वापरतात त्या, यादीत चालतो, अमेरिकेच्या यादीत नाही. आणि संच मोजा. अ‍ॅप पिझ्झॅझ दाखवतं, त्यात चार झेड. संचात झेड एक, कोऱ्या दोन. लागणारच नाही.

एक राहिलं. घरात यादी आधी ठरली नसेल तर वाद होणारच, तेव्हा पहिली सोंगटी काढण्याआधी ठरवा. डाव चालू असताना अ‍ॅप उघडू नका, डाव संपल्यावर अडलेली अक्षरं कागदावर उतरवून तपासा. वर्डल, म्हणजे सहा प्रयत्नांत पाच अक्षरी शब्द ओळखायचा खेळ, खेळत असाल तर यातलं निम्मं बाजूला ठेवा. तिथं एस लावलेलं अनेकवचन सहसा उत्तर नसतं, आणि आय-जी-एच-टी जुळल्यावर लाइट, नाइट, फाइट, माइट, साइट एकेक करून सहा प्रयत्न संपतात. तिथं फिल्म्स टाका, एफ, एल, एम, एस चारही एका फटक्यात तपासून होतात. हार्ड मोड, म्हणजे जुळलेली अक्षरं पुढच्या प्रयत्नात वापरावीच लागतात तो प्रकार, चालू असेल तर मात्र हे करता येत नाही.