'येते' म्हणायचं आणि जायचं

चिऊ,

हे पत्र तुझ्या सॅकच्या आतल्या कप्प्यात, मोज्यांच्या खाली ठेवतेय. कार्पाचला पोचून सामान लावायला घेशील तेव्हा हाताला लागेल. पाच दिवसांची हिरवी शाळा, म्हणजे वर्गाची डोंगरातली सहल, फोन बाईंकडे जमा, त्यामुळे जे सांगायचं ते कागदावरच सांगावं लागणार.

संध्याकाळी बॅग भरताना तू विचारलंस, "आई, तू दारातून बाहेर पडताना 'येते' म्हणतेस आणि जातेस. कोल्हापूरहून निघताना आजीला पण 'येते' म्हणालीस, आणि मग आपण दोन वर्षं गेलोच नाही. हे खोटं बोलणं नाही का?" माझे हात कणकेत होते. "नंतर सांगते" म्हटलं आणि तू झोपलीस. आता रात्रीचे साडेअकरा झालेत. प्रश्न काही मला झोपू देईना.

हा प्रश्न कुठून आला तेही मला ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात तुझी पोलिश मैत्रीण घरी आली होती. मी दुकानात निघाले, चपला घालता घालता "येते गं" म्हणाले. तिने विचारलं, तुझी आई काय म्हणाली? तू शब्दाला शब्द लावून सांगितलंस. मी परत आले तेव्हा ती बिचारी म्हणाली, मला वाटलं तुम्ही लगेच आत येणार, म्हणून मी दाराकडेच बघत होते.

आधी तुझ्याच बोलण्याकडे बघ. जेवायला हाक मारली की तू आतून ओरडतेस, "यूश इदे!" शाळेत निघतानाही "इदे" म्हणतेस. पोलिशमध्ये 'इदे' म्हणजे मी चालत निघाले. कुठल्या दिशेला, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. एकाच शब्दात येणंही आहे आणि जाणंही. आणि आपल्या खालच्या शिंपीकाकांच्या दारावर लोंबणारी ती पिवळी पडलेली पाटी आठव, 'झाराझ व्रात्साम'. आत्ता येतो. ते कुठे गेलेत, ते त्यांनी कधीच लिहिलेलं नसतं. गेलेत हे तर बंद दारच सांगतंय. गिऱ्हाइकाला हवं असतं ते एवढंच, की येणार आहेत. आपलं 'येते' त्या पाटीसारखं आहे.

मराठीत 'जाते' न म्हणण्याचं कारण तुला अर्धं माहीत आहे. माणूस वारला की आपण 'गेला' म्हणतो. 'मेला' हा शब्द आपल्या माणसाबद्दल तोंडातून निघत नाही. पोलिशमध्येही तसंच आहे की. एक नोव्हेंबरला आपण समोरच्या पोलिश आजीबरोबर, आपल्या बाब्चाबरोबर, स्मशानभूमीत गेलो होतो, तू लाल काचेची झ्निच, तो थडग्यावर ठेवायचा दिवा, दोन्ही हातांत धरून हळूहळू चालत होतीस. अंधार पडला आणि सगळा डोंगरउतार दिव्यांनी भरला. तिथे बाब्चा तिच्या नवऱ्याबद्दल बोलताना 'ओदशेद्व' म्हणाली. तोही शब्द चालण्यातूनच आलाय, निघून गेला असा. जाणं हा शब्द दोन्ही भाषांनी मरणासाठी राखून ठेवला, पण आपल्या लोकांनी एक पाऊल पुढे टाकलं: राखून ठेवलाय ना, मग रोज दारात उभं राहून तो उच्चारायचाच कशाला?

असे कितीतरी शब्द आहेत आपल्याकडे. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तर आजी 'वाढवली' म्हणते. दुकानदार रात्री दुकान बंद करत नाही, वाढवतो. देवापुढची समई विझवायची नसते, शांत करायची असते. तू चार वर्षांची असताना फुंकर मारून निरांजन विझवलंस आणि टाळ्या पिटल्यास, कारण वाढदिवसाला केकवरच्या मेणबत्त्यांना तसंच करतात हे तू बालवाडीत शिकली होतीस. आजी व्हिडिओ कॉलवर होती. ती रागावली नाही, पण क्षणभर तिचा चेहरा उतरला, तो मला अजून दिसतो. त्यानंतर मी तुला मुद्दाम आपल्या शहरातल्या जुन्या भागात, ओस्त्रुफ तुम्स्कीला नेलं होतं, आठवतंय? काळी टोपी आणि झगा घातलेला तो माणूस रोज संध्याकाळी लांब काठी घेऊन शंभरएक गॅसचे दिवे एकेक करून लावत जातो, आणि पहाटे परत येऊन बंद करतो. एवढ्या मोठ्या व्रोत्सवाफ शहरात वीज असताना दिव्यांसाठी एक माणूस रोज चालत येतो, हे तुला दाखवायचं होतं. दिव्याशी नीट वागणारे लोक इथेही आहेत, हे तुला तुझ्या डोळ्यांनी दिसावं म्हणून.

आपल्या घरात म्हण आहे, 'शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.' आणि माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, म्हणायची की घरातली वास्तू सतत 'तथास्तु' म्हणत असते, वाईट बोललास की तेही खरं होतं. तुला हे अंधश्रद्धा वाटेल. पण गणिताच्या परीक्षेला जाताना बाईंनी तुला शुभेच्छा दिल्या तेव्हा तू 'न्ये जेंकुये' म्हणालीस, धन्यवाद नाही म्हणत, असं. का? तर धन्यवाद म्हटलं की दृष्ट लागते. आणि एखादी चांगली गोष्ट बोललीस की लगेच जेवणाच्या टेबलाखाली हात घालतेस, कारण ठोकायचं ते लाकूड रंग न दिलेलं हवं आणि आपल्या टेबलाला फक्त खालच्या कडेला रंग नाहीये. मी भांडी आवरताना ते नेहमी बघते. तिथे तुझी बोटं ज्या श्रद्धेने जातात ना, त्याच श्रद्धेने माझ्या तोंडात 'येते' येतं.

बाब्चाचंच बघ. पहिल्या वर्षी होळीला मी तिला पुरणपोळीचं ताट द्यायला गेले. दार उघडलं, मी हात पुढे केला, तर तिने ताट घेतलंच नाही. माझं मनगट धरून मला आत ओढलं, दार लावलं आणि मग दोन्ही हातांनी ताट घेतलं. 'प्रूग'वरून, म्हणजे उंबरठ्यावरून, काही द्यायचं-घ्यायचं नाही, हात मिळवायचा नाही, असं तिने खुणांनी समजावलं. तेव्हा मला पोलिशची चार वाक्यं येत होती. पण ते वाक्य मला भाषा न येताही कळलं, कारण उंबरठ्यावर उभं राहून देणं-घेणं करू नये हे मी लहानपणापासून ऐकलेलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या देशात आपण राहू शकू. तोपर्यंत फक्त थंडी, कार्ड, अर्ज आणि रांगा होत्या.

त्याच वर्षी डिसेंबरात तिने आपल्याला विगिल्याला, ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणाला, बोलावलं. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडलेलं असतं, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. तू बाबांच्या मांडीवर होतीस. आपलं येणं आधी ठरलेलं होतं, तरी तिने मला त्या रिकाम्या ताटावरच बसवलं आणि मग शेजारी आणखी एक रिकामं ताट मांडलं. "गोश्च व दोम, बूग व दोम." घरात पाहुणा, घरात देव. मी तिला 'अतिथी देवो भव' सांगितलं, तिला तिसऱ्यांदा नीट म्हणता आलं.

आता तुझ्या प्रश्नातला अवघड भाग. दोन वर्षं गेलो नाही, तर ते खोटं झालं का?

तुला आबा फारसे आठवत नसतील. आपण इकडे यायला निघालो त्या सकाळी त्यांनी माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली. मी घाईत होते, गाडी दारात उभी होती, तू रडत होतीस. मी म्हणाले, "जाते, आबा." ते काही बोलले नाहीत. हातातला दह्याचा चमचा तसाच धरून उभे राहिले. आजीने मागून म्हटलं, "येतो म्हण की गं." (कोल्हापुरात बायकाही 'येतो', 'आलो' म्हणतात. तू मागे आजीची चूक काढली होतीस, पोलिशमध्ये पुरुष 'पोशेदवेम' (गेलो) आणि बाई 'पोश्वाम' (गेले) म्हणते, तसं बाईने वेगळं म्हणायचं म्हणून. ती चूक नाही, ती कोल्हापूरची बोली आहे.) मग मी "येतो" म्हणाले. आणि आबा म्हणाले, "ये."

तीन वर्षांनी ते गेले, तेव्हा मी तिथे नव्हते. फोन आला, तिकीट मिळालं, फ्रँकफर्टहून मुंबई, मुंबईहून रात्रभर गाडीने कोल्हापूर. घरी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. वाटेत सगळ्या रस्त्याभर मी तुझाच प्रश्न स्वतःला विचारत होते, की मी त्यांच्याशी खोटं बोलले. दारात शेजारच्या काकू उभ्या होत्या. त्यांनी सांत्वनाचं काही म्हटलं नाही. फक्त "आलीस?" एवढंच. मग आतून आजी आली, तीही म्हणाली, "आलीस?" त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मला रडू आलं, तोवर आलं नव्हतं.

बघ, 'येते'ला उत्तर 'ये' आहे, आणि त्याचा शेवट 'आलीस?' आहे. मधे किती दिवस जातील हे त्यात कुठेच नाही. उशीर झाला तर तो उशीर माझा असतो, आणि मला तो आयुष्यभर सलणार आहे. पण शब्द खोटा नसतो, कारण मी अजून त्याला बांधलेली आहे. म्हणून तर आजीला दर रविवारी फोन ठेवतानाही मी 'येते' म्हणते. 'ठेवते' म्हणणं मला जमत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते. तुला शाळेत दुसऱ्या महायुद्धाबद्दल शिकवतील, पण ही गोष्ट कदाचित पुस्तकात नसेल. आजीच्या घरापासून थोड्याच अंतरावर गांधीनगर आहे, जिथे आपण लग्नाचं कापड घ्यायला जातो. गांधीनगरचं सिंधी व्यापाऱ्यांचं गाव फाळणीनंतर वसलं. त्याआधी तिथे, वळिवड्याच्या छावणीत, 1943 ते 1948 पर्यंत जवळजवळ पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. पूर्व पोलंडमधून त्यांना सोव्हिएत सत्तेने 1940 च्या सुमाराला मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानला नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती आपल्या कोल्हापुरात पोचली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत होती. तुझ्याएवढ्या मुली पंचगंगेच्या काठी पोलिश कविता पाठ करत होत्या.

युद्ध संपलं, पण त्यांना घरी जाता आलं नाही. त्यांची गावं ज्या भागात होती, तो भागच पोलंडमध्ये राहिला नव्हता. बाब्चाची आईही तिकडचीच, ल्वुफची, म्हणजे आताच्या युक्रेनमधल्या ल्विव्हची. ती 1946 साली मालगाडीतून इथे व्रोत्सवाफला आली, सोबत शिवणयंत्र. तेच यंत्र, बाब्चाच्या हॉलमध्ये, ज्यावर ती लाल फुलांच्या कुंड्या ठेवते. वळिवड्याची माणसं इंग्लंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, पोलंड अशी पांगली. एक मुलगी कोल्हापुरातच लग्न करून राहिली.

आणि 2019 साली, तेव्हाची ती मुलं, आता काठ्या टेकत चालणारी, परत वळिवड्यात आली. तिथे त्यांच्या आठवणीचा स्तंभ उभा राहिला. आजीने मला पेपरातला फोटो पाठवला होता. महावीर गार्डनमध्येही एक जुना स्तंभ आहे, लहानपणी मी त्याच्याभोवती पळायचे, त्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं. आणि इथे वॉर्सॉमध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. सुट्टीत तुला दाखवते. 1948 साली वळिवड्याच्या स्टेशनवर, गाडीत चढताना ती मुलं कोल्हापूरकरांना काय म्हणाली असतील? पाच वर्षांत मराठी थोडी तरी कानावर पडली असेलच. मला वाटतं, कुणीतरी 'येतो' म्हणालं असेल. हे मी कुठे वाचलेलं नाही, नुसतं मला वाटतं.

आता झोपायला हवं. बस साडेसातला आहे. डब्यात चिवडा आहे, वर भडंगाची पुडी वेगळी ठेवलीय, ती तिखट आहे, मैत्रिणींना आधी सांगून दे. स्न्येझ्कावर चढाल तेव्हा जॅकेट कमरेला बांधू नकोस, अंगात घाल. वर वारा फार असतो. सोबत दोन रुमाल जास्तीचे आहेत.

उद्या सकाळी फाटकापाशी तू काय म्हणशील, माहीत नाही. मुलींसमोर मराठी बोलायला तुला अवघड वाटतं, ते मला कळतं. 'पा पा' म्हणालीस तरी चालेल. मी मात्र माझं उत्तर देणार आहे, आणि तेव्हा गडबडीत ऐकू आलं नाही तर इथे लिहून ठेवते.

ये.

आई