गोळी पूर्वीसारखी लागू का पडत नाही?

प्रश्न : झोप लागत नसल्यामुळे डॉक्टरांनी मला अल्प्राझोलामची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी दिली होती. सुरुवातीला ती घेतली की शांत झोप लागत असे. आता दोन गोळ्या घेऊनही मध्यरात्री जाग येते. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळीचा डोसही अलीकडे वाढवावा लागला. शरीराला औषधाची सवय नेमकी कशी होते? काही दिवस गोळ्या बंद ठेवल्या, तर त्या पुन्हा लागू पडतील का?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण धोका तिथे आहे. दोन्हींपैकी कोणतीही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. अल्प्राझोलाम दीर्घकाळ घेऊन अचानक सोडल्यास तीव्र अस्वस्थता आणि पूर्वीपेक्षाही वाईट निद्रानाश जाणवतो, क्वचित फिट्सही येतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकाएकी थांबवल्या, तर रक्तदाब उसळू शकतो.

असे का होते, हे मेंदूत पाहिले की कळते. ‘गाबा’ हे मेंदूतील रसायन चेतापेशींना शांत ठेवते आणि अल्प्राझोलाम त्याचा परिणाम वाढवते. रोज रात्री ही जादा शांतता मिळू लागली की पेशी तिची भरपाई करतात : गाबाचे रिसेप्टर (पेशीवरील ज्या जागांना गाबा चिकटते त्या) औषधाला पूर्वीइतकी दाद देत नाहीत आणि मेंदूला जागे ठेवणाऱ्या यंत्रणा अधिक तत्पर होतात. त्यामुळे झोप आणण्याचा गुण काही आठवड्यांतच ओसरू लागतो. गोळी अचानक थांबली तरी ही भरपाई लगेच थांबत नाही, आणि मग तिला आवर घालणारे काहीच उरत नाही.

सवयीचा दुसरा मार्ग यकृतातून जातो. फिट्ससाठी दिले जाणारे कार्बामाझेपिन हे औषध स्वतःचेच विघटन करणारी यकृतातील एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) वाढवते. म्हणून पहिल्या तीन ते पाच आठवड्यांत, तोच डोस नियमित घेऊनही, रक्तातील त्याचे प्रमाण घटते. अशा वेळी डॉक्टरांनी डोस वाढवला तर घाबरण्याचे कारण नसते.

सवय किती लवकर लागते आणि किती लवकर सुटते, याचे सर्वांत बोलके उदाहरण नायट्रोग्लिसरीनचे आहे. डायनामाइटच्या कारखान्यांतील कामगारांच्या अंगात हे द्रव्य कामावर असताना जाई. रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे सोमवारी त्यांचे डोके भयंकर दुखे, आठवडाअखेर ते दुखेनासे होई, आणि सुट्टीनंतरच्या सोमवारी पुन्हा तेच! काहींना तर सुट्टीच्या दिवशी छातीत कळा येत, कारण सवय झालेल्या रक्तवाहिन्यांना ते द्रव्य मिळेनासे झालेले असे. म्हणूनच हृदयविकाराच्या रुग्णांना नायट्रोग्लिसरीनची चिकटपट्टी दिली, की ती साधारणपणे दिवसातून १० ते १२ तास, बहुधा रात्री, काढून ठेवण्यास सांगतात.

तेव्हा खंड पडल्यावर औषध पुन्हा लागू पडते, हे आपले अनुमान बऱ्याच औषधांबाबत खरे आहे. पण असा खंड डॉक्टरांनी ठरवायचा असतो. मॉर्फिनसारख्या औषधांत तर तो जिवावर बेतू शकतो. वेदना शमवण्याच्या गुणाची सवय होते म्हणून डोस वाढत जातो (बद्धकोष्ठतेची मात्र सवय फारशी होत नाही, ती टिकून राहते). मध्ये औषध बंद राहिले की सवय उतरते, आणि जुना डोस पूर्ववत घेतल्यास श्वास थांबू शकतो.

आपल्या वडिलांची गोष्ट बहुधा निराळी आहे. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण सहसा सवयीमुळे कमी होत नाही. वयानुसार रक्तवाहिन्या ताठर होणे, वजन किंवा आहारातील मीठ वाढणे, मूत्रपिंडाचे काम मंदावणे, गोळ्या अधूनमधून चुकणे, ही कारणे अधिक संभवतात. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके रक्तदाब वाढवतात, म्हणून ते अशा गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगा.

दुसरी गोळी आपण स्वतःच वाढवली असेल, तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि तिसरी कदापि घेऊ नका. मद्यासोबत तर एकही नको. हे औषध टप्प्याटप्प्याने, कित्येक आठवडे किंवा महिने घेऊन, उतरवता येते. त्याच्या जोडीला निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती विचारून घ्या. दीर्घकालीन निद्रानाशात पहिला उपचार म्हणून गोळीआधी तिचीच शिफारस केली जाते. डोस कमी होताना काही रात्री वाईट जातील. तेवढ्यावरून मूळ त्रास वाढला असे समजून पुन्हा जुन्या डोसकडे वळू नका. डॉक्टरांना कळवा, म्हणजे ते कमी करण्याचा वेग मंद करतील.