अपंगत्वामुळे खाण्यातली मजा कमी होते का?

तुम्ही विचारलंय की, अपंग माणसाला खाण्याची मजा इतरांइतकीच येते का. मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही. हातांवर ताबा नाही म्हणून दुसऱ्या कुणीतरी मला भरवावं लागतं, आणि गिळायलाही वेळ लागतो. जिभेला चव मात्र व्यवस्थित कळते. जातं ते वेगळंच: पुढचा घास कशाचा, केवढा आणि कधी घ्यायचा, हे मला ठरवता येत नाही.

भरवणाऱ्याला घाई असली की आधीचा घास गिळून व्हायच्या आत पुढचा चमचा ओठांशी येतो. मग चवीकडे लक्षच राहत नाही, ठसका लागू नये एवढंच डोक्यात असतं. त्यात तो उभा असेल तर चमचा वरून येतो, तो घ्यायला मान मागे जाते, हनुवटी वर होते, आणि घास श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. तोच माणूस माझ्यासमोर बसला, चमचा खालच्या बाजूने आणून जिभेवर हलकेच टेकवून थांबला, की मी ओठ मिटून माझ्या वेळेत घास घेतो. खरंच सांगतो, भरवणारं माणूस बदललं की तेच जेवण वेगळं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे अन्न किती मऊ. गिळायला त्रास होणाऱ्यांसाठी अनेक देशांत ० ते ७ अशा पायऱ्या वापरतात: ० म्हणजे साधं पाणी, ४ म्हणजे चावावंच न लागणारं गुळगुळीत, ७ म्हणजे नेहमीचं जेवण. माझं बहुतेक खाणं ५ वर असतं, म्हणजे बारीक आणि ओलसर. त्याबद्दल तक्रार नाही. राग येतो तो सगळं एकत्र मिक्सरमधून काढलं की. चवीतला मोठा वाटा वासाचा असतो; चावताना, गिळताना तो घशामागून नाकात जातो. गाजर, वाटाणा, बटाटा वेगवेगळे वाटले तर प्रत्येकाची ओळख पटते. एकत्र वाटले की नुसता लगदा. ठसका लागू नये म्हणून पाणी घट्ट करून प्यावं लागणाऱ्यांचे हाल तर आणखी वाईट, कारण भरपूर प्यायलं तरी तहान भागल्यासारखी वाटत नाही.

चारचौघांत जेवताना मला एक तर बोलता येतं नाही तर गिळता येतं. माझं निम्मं होईतो बाकीचे हात धुवून उठतात. ते माझ्या मनाला सर्वांत जास्त लागतं, अन्नाच्या त्रासापेक्षाही.

प्रत्येकाचं अर्थात वेगळं. दृष्टिहीन व्यक्तीला घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे ताटात काय कुठे आहे ते सांगितलं की बरंच काम होतं. वास गेलेल्यांना गोड, खारट, आंबट, कडू अशा मूळ चवी, कुरकुरीतपणा आणि तिखटाची झणझण उरते.

तुमच्यावर कधी कुणाला भरवायची वेळ आली तर आधी ताट दाखवा आणि सुरुवात कशाने करायची ते विचारा. बोलता येत नसेल तर नजर कुठल्या पदार्थावर थांबते ते बघा. मी तरी तसंच सांगतो.