ऑप्शनवाल्याने लॉटरी घ्यावी का?

प्रश्न : मी निफ्टी या शेअर निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये (म्हणजे ठरल्या मुदतीला ठरल्या भावाने खरेदी-विक्री करण्याच्या हक्कांत) ट्रेडिंग करतो. दिवाळीला बंपरचं तिकीटही घेतो. मित्र हसतात, ट्रेडरला हे शोभत नाही म्हणतात. सोडून द्यावं का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : शोभण्याचं राहू द्या, हिशेब बघू. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. तिकीट बुडालं तर तेवढेच पैसे जातात. बक्षीस लागलंच तर सरसकट ३० टक्के कर, वर सेस; तिकिटांचा खर्चही त्यातून वजा होत नाही. ऑप्शनमधला तोटा मात्र धंद्याचा धरतात, विवरणपत्र वेळेत भरलं तर पुढच्या नफ्यातून वजा करायला आठ वर्षं पुढे ओढता येतो. म्हणून ऑप्शन बरे, असं समजू नका हं! शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अहवालात फ्युचर्स-ऑप्शनमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तीन वर्षांत तोट्यात निघाले. मी सबब्रोकर, म्हणजे ब्रोकरच्या हाताखालचा दलाल. एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपते त्या दिवशी दुपारी, अवघ्या दोन रुपयांना मिळणारा लांबचा कॉल (निफ्टी आजच्या भावाच्या खूप वर गेला तरच फळणारा ऑप्शन) ‘लागला तर लागला’ म्हणत घेणारे दर आठवड्याला बघतो. ते तिकीटच की! दिवाळीचं एक तिकीट खुशाल घ्या, फक्त ट्रेडिंगच्या भांडवलाला हात नको. आणि पत्रात राहिलेलं कळवा : गेल्या वर्षी ऑप्शनमध्ये ब्रोकरेज, कर जाऊन हाती किती उरले?